नान पालथी घालू नये

जर्मनीला जाऊन बेकरीचं काम शिकायचं असं मी ठरवलं तेव्हा माझं वय एक्केचाळीस होतं. ताश्कंदपलीकडच्या आमच्या मार्गिलान शहरात या वयाच्या बाईने नव्याने शिकाव्यात अशा दोनच गोष्टी मानल्या जातात: सुनेला कह्यात कसं ठेवायचं आणि गुडघ्याला कोणतं तेल चोळायचं. मला सून नव्हती. गुडघे होते, पण ते अजून मुकाट्याने काम करत होते.

एकोणीस वर्षं मी शहराच्या वाचनालयात नोकरी केली. मग मे महिन्यात वरून पत्र आलं, की वाचनालय आणि बुद्धिबळ मंडळ यांचं एकत्रीकरण करण्यात येत आहे. एकत्रीकरण झाल्यावर पाहिलं तर बुद्धिबळ तेवढं शिल्लक होतं. पत्रात माझे आभार मानले होते आणि मुहय्यो हे माझं नाव अचूक छापलं होतं. एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. बाबा जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. घरात आई आणि मी. अंगणापलीकडे भाऊ, भावजय आणि त्यांची मुलं. मी दिवसभर माझ्या पुस्तकांवरची धूळ झटकायचे आणि आई ती झटकलेली धूळ झाडायची. हे फार दिवस चालणार नाही, हे दोघींनाही कळत होतं.

बाजारापाशी लग्नाच्या पोशाखांचं एक दुकान आहे. त्याच्या माडीवर परदेशात काम शिकायला पाठवणारी कचेरी होती. तिथे बसणारी दियोरा पंचविशीची असावी. मला ती 'आपा' म्हणायची, म्हणजे ताई; पण त्या शब्दाआधी क्षणभर थांबायची, मावशी म्हणावं का याचा विचार केल्यासारखी.

"आपा, तुमच्या वयाला चालतील अशी चार कामं उरली आहेत," तिने यादी माझ्याकडे फिरवली. "छपरं बसवणं, खाटीककाम, म्हाताऱ्यांची देखभाल आणि बेकरी."

छपरावर मला चक्कर येते. तिथल्या खाटीककामात आम्हाला वर्ज्य असलेला कोणता प्राणी असतो ते दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून दोघीही थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. म्हाताऱ्यांची देखभाल मी नुकतीच एक अख्खा हिवाळा केली होती आणि निकाल चांगला लागला नव्हता. राहिली बेकरी.

"अनुभव?"

"माझे वडील नानवाले होते. चाळीस वर्षं. इनोमजोन नानवाले, रेशीमबाजाराच्या तोंडाशी."

"त्याचा दाखला?"

"मार्गिलानच्या निम्म्या लोकांच्या पोटात आहे."

"तो जोडता येत नाही, आपा," दियोरा समजुतीने म्हणाली.

खरं तर बाबांनी मला दुकानातल्या तंदूरजवळ कधी उभंसुद्धा राहू दिलं नव्हतं. दुकानाचा तंदूर पुरुषांचा. बायकांनी घरच्या तंदूरात घरच्यापुरतं भाजावं, अशी आमच्याकडे वाटणी आहे. मी दुकानाकडे फिरकू नये म्हणून बाबा मला पुस्तकं आणून द्यायचे, आणि मी ती वाचत राहिले. त्यांनी मला जे शिकवलं नाही ते आता एक जर्मन माणूस तीन वर्षांत शिकवणार होता, तेही लेखी करार करून. बाबांना ही बातमी कशी वाटली असती याचा मी बराच विचार केला. त्यांनी बहुधा एवढंच विचारलं असतं, की त्या माणसाचा तंदूर कोणत्या मातीचा आहे.

आईला सांगितलं तेव्हा ती गाजरं चिरत होती.

"जा," ती म्हणाली. "शीक. वेळ चांगला जाईल. पण एक सांगते. निघताना नान चावायची नाही."

आमच्याकडे घरातलं कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की ताज्या नानचा एक घास दातांनी तोडतं. उरलेली नान भिंतीवर टांगतात. माणूस परत आला की ती त्यानेच संपवायची, म्हणून ती त्याला परत आणते. बहुतेकांना आणते. माझा नवरा रशियात बांधकामावर गेला तेव्हा त्यानेही चांगला मोठा घास घेतला होता. तीन वर्षांनी त्याचं तिकडे दुसरं घर झाल्याचं कळलं, तेव्हा आईने त्याची नान खाली काढली, पाण्यात भिजवली आणि कोंबड्यांना घातली. न परतणाऱ्या माणसाच्या नानचं काय करायचं, याचा आमच्या घरात एवढा एकच पूर्वदाखला होता.

बाबांनी ताश्कंदला ऑपरेशनसाठी निघताना चावली होती. लहानसा घास. त्यांचे पुढचे दोन दात पडले होते, म्हणून चावलेल्या कडेला मध्ये एक उंचवटा राहिला होता. ती नान स्वयंपाकघराच्या दारावर खिळ्याला होती. तो पूर्वदाखला तिला लावावा, असं घरात कोणी सुचवलं नाही.

आता एखादीने काही ठरवलं आणि शेजारी गप्प बसले, असं आमच्या मोहल्ल्यात होत नाही. साओदत खोला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. आमच्या दोन अंगणांमध्ये एक छोटं दार आहे. ते कधी बंद झालेलं मी पाहिलेलं नाही. खोला म्हणजे मावशी. पण साओदत खोलांच्या बाबतीत तो शब्द नात्यापेक्षा हुद्द्यासारखा वापरला जातो.

"एक्केचाळिसाव्या वर्षी शिकाऊ?" त्या म्हणाल्या. "अगं, तिथे सतरा वर्षांची पोरं असतील. तुला पीठ मळायला लावून स्वतः पळतील."

"मग मी मळेन."

"आणि न चावता कशी जाशील? न चावता गेलेला माणूस अर्धाच जातो."

"अर्धाच जाऊ दे," आई म्हणाली. "निदान अर्धी इथे राहील."

यावर उत्तर शोधायला साओदत खोला घरी गेल्या आणि उत्तराऐवजी गुडघ्याचं तेल घेऊन आल्या.

कागदांचं सांगायचं तर माझा जन्म ज्या देशात झाला तो देश मी आठ वर्षांची असताना बंद पडला. जर्मन लोकांना माझ्या जन्मदाखल्यावर तो देणाऱ्या सरकारची खातरजमा हवी होती. मी तीन कचेऱ्यांमध्ये गेले. पहिलीत सांगितलं, ते सरकार आता नाही. दुसरीत सांगितलं, आम्ही त्या सरकारचे वारस आहोत, पण तेवढ्या बाबतीत नाही. तिसरीतल्या म्हाताऱ्या कारकुनाने दाखला उजेडात धरला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "काय शाई होती." त्यानेच शेवटी खातरजमा दिली. मला वाटतं, जुन्या ओळखीपोटी दिली.

अनुभवाचा दाखला मोहल्ल्याचे प्रमुख कोसिम अका यांनी लिहिला; अका म्हणजे दादा. त्यांच्याकडे एक ठरलेला मजकूर आहे. पोलिसांपासून लग्नापर्यंत सगळीकडे तोच चालतो. त्यांनी लिहिलं की सदर मुहय्यो ही चांगल्या घरातली असून शांत आहे, कोणाशी भांडत नाही, आणि तिचे वडील नानवाले असल्याचे सर्वज्ञात आहे. खाली शिक्का. मी म्हटलं, "अका, मला नान भाजता येते असं लिहा ना." त्यांनी चष्मा काढला. "पोरी, मार्गिलानच्या बाईला नान भाजता येते असं मी शिक्का मारून लिहिलं, तर लोक म्हणतील शंका होती म्हणून लिहिलं."

जर्मन भाषेचा वर्ग सात महिने चालला. वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुलंमुली. पहिल्या महिन्यात ती मला आपा म्हणत, तिसऱ्या महिन्यात खोला, आणि परीक्षेच्या सुमारास एका मुलीने उठून मला जागा दिली. मी आयुष्यभर वाचत आलेली बाई. मला वाटलं होतं भाषा तरी सोपी जाईल. पण मला जी वाक्यं बोलावीशी वाटत ती तिसऱ्या पुस्तकात होती आणि आम्ही दुसऱ्या पुस्तकात होतो. दुसऱ्या पुस्तकात माणसं फक्त गेली, आली, त्यांनी खाल्लं, त्यांना आवडलं. का गेली, गेल्यावर मागे काय झालं, हे पुढच्या पुस्तकात. मी उत्तीर्ण झाले. तोंडी परीक्षेत 'तुमची आवडती सुट्टी' हा विषय आला. मी सांगितलं, मी घरी होते आणि वाचत होते. बाईंनी विचारलं, मग? मी म्हटलं, मग सुट्टी संपली.

जानेवारीत दियोराचा फोन आला. एका लहान गावातले बेकर, उस्ताद होल्टमान, मला शिकाऊ म्हणून घ्यायचा विचार करत होते. त्यांच्याकडे टिकायला कोणी तयार नव्हतं, म्हणून वयाची त्यांना अडचण नव्हती. मात्र त्यांना मी भाजलेला पाव बघायचा होता. त्यांची कृती आली होती. राय नावाच्या, गव्हासारख्या धान्याचा काळा पाव, एक किलो, इतके ग्रॅम हे, इतके ग्रॅम ते. शुक्रवारी दुपारी चार वाजता व्हिडिओवर मुलाखत.

राय मार्गिलानमध्ये कोणी खात नाही. कोसिम अकांनी तीन दिवस फोन केले आणि फरगानाजवळ कबुतरं पाळणारा एक माणूस शोधून काढला. त्याच्याकडे पोतंभर राय होती. त्याने ती खुशीने दिली, कारण कबुतरं ती खात नव्हती. दळून आणली. आमच्याकडे तराजू नाही. आईचा एक निळा वाडगा आहे आणि चाळीस वर्षं तो कोणाशी खोटं बोललेला नाही. दियोरा म्हणाली ग्रॅम पाहिजेत. मग साओदत खोलांच्या जावयाचा सोनं तोलायचा काटा आला. त्याच्यावर एका वेळी पन्नास ग्रॅम मावायचे. पीठ तोलायलाच सकाळ गेली.

मग गॅस गेला. खरं तर जानेवारीत आमच्याकडे गॅस असतोही आणि नसतोही: काडी लावली की निळी ज्योत जरा मान वर करून बघते आणि परत झोपते. गॅसची भट्टी तापेना. दुपारचे दोन वाजले. आईने अंगणातला तंदूर कापसाच्या पळकाट्यांनी पेटवला.

कृतीत लिहिलं होतं की पीठ ओलं आणि चिकट असावं. चिकट होतं. माझ्या हातांना चिकटलं, आईच्या बाहीला चिकटलं, दारातून "झालं का?" विचारायला आलेल्या साओदत खोलांच्या शालीला चिकटलं. एका तंदूरच्या भिंतीला तेवढं नाही. मी एक किलोचा तो गोळा आत थापला, तो दोन श्वास भिंतीवर राहिला, मग सावकाश, एखाद्या जाड माणसाने खुर्चीतून उठावं तसा सुटला आणि राखेत बसला.

आम्ही तिघी तंदूरच्या तोंडातून खाली बघत उभ्या राहिलो.

"कबुतरं शहाणी," साओदत खोला म्हणाल्या.

आईने घड्याळ पाहिलं. "आपली नान लाव," ती म्हणाली. सकाळी न्याहारीसाठी भिजवलेल्यातलं उरलेलं पीठ झाकून ठेवलेलं होतं. मी चार नान केल्या. मध्ये टोचायला आईने बाबांचा खिळ्यांचा ठसा आणून दिला. दुकान बंद झाल्यापासून तो मी पाहिला नव्हता. त्याची लाकडी मूठ एका बाजूने झिजली होती. माझा हात त्या झिजलेल्या बाजूवर नीट बसला नाही, तरी मी तसाच धरला.

चार वाजता स्वयंपाकघरात दियोराने लॅपटॉप मांडला आणि बजावलं, की खोलीत फक्त उमेदवार हवी. आमच्याकडे याचा अर्थ असा घेतला गेला, की ज्यांना बाहेर काढता येत नाही तेवढेच थांबतील. म्हणजे आई, कारण घर तिचं. साओदत खोला, कारण काटा त्यांच्या जावयाचा. आणि कोसिम अका, कारण शिक्का त्यांचा. तिघे लॅपटॉपच्या मागे ओळीने बसले, दियोरा कडेला.

उस्ताद होल्टमान पडद्यावर आले. साठीचे, रुंद, भुवयांवर पीठ, डोक्याला पांढरी टोपी.

"मुहय्यो बाई," ते म्हणाले, "तुमच्या कागदात लिहिलं आहे की तुम्ही शांत आहात आणि भांडत नाही. तुम्ही भांडता असा कोणी आरोप केला होता का?"

"कोणी नाही."

"मग का लिहिलं?"

"काय म्हणतोय?" कोसिम अकांनी हळूच विचारलं.

"तुमच्या पत्राबद्दल बोलतोय," मी म्हटलं. कोसिम अका ताठ बसले.

"राय कुठे आहे?" उस्तादांनी विचारलं.

"राय राखेत आहे."

"राखेत?"

"ती पडली."

"आणि ही?"

"ही पडली नाही."

त्यांनी मान डोलावली. या उत्तरात त्यांना काही दोष दिसला नसावा. मग ते म्हणाले, "ठीक आहे. ती उलटी करा आणि पाठीवर बोटाच्या पेराने ठोका. माइकजवळ. पोकळ आवाज आला तर आतून भाजली आहे."

इथे सांगायला हवं, की आमच्याकडे नान पालथी घालत नाहीत. का, असं कोणी विचारत नाही. आईला पालथं का निजवत नाहीस, असं विचारण्यासारखंच ते होईल. टेबलावर चुकून पालथी पडलेली नान दिसली तर अनोळखी माणूससुद्धा, भांडण चालू असलं तरी ते थांबवून, आधी ती सरळ करतो आणि मग भांडतो. हे सगळं मला माहीत होतं. मी सुशिक्षित बाई आहे, एकोणीस वर्षं वाचनालयात काढली आहेत, तेव्हा मी मनाशी म्हटलं, परीक्षा आहे, आणि नान पालथी घातली.

लॅपटॉपच्या मागून दोन अंगठ्या घातलेला एक हात आला आणि त्याने नान सरळ केली.

"हा कोणाचा हात?" उस्तादांनी विचारलं.

"शेजारचा."

"कृपया पुन्हा."

मी पुन्हा पालथी घातली. या वेळी "तौबा, तौबा" असं म्हणत कोसिम अका स्वतः उठले. मोहल्ल्याच्या प्रमुखाचा कोट पडद्यावरून आडवा गेला, आणि तो गेल्यावर नान सरळ होती. दियोराने दोघांना खांद्याला धरून खाली बसवलं. "अका, खोला, मी पाया पडते, हात लावू नका. आपाचं भवितव्य आहे."

"भवितव्य आहे म्हणूनच," साओदत खोला म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी कोणी मध्ये आलं नाही. नान मीच सरळ केली. ठोकायच्या आधीच. हात आपला आपण गेला; मी बघत राहिले.

"खालून करपली आहे का?" उस्तादांनी विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही लपवता का?"

"लपवत नाही. पालथी घालत नाही."

"का?"

आमच्या दुसऱ्या पुस्तकात याचा धडा नव्हता. रेल्वे स्थानक होतं, दवाखाना होता, हवामान होतं. मी आठवतील ते शब्द जुळवले. "नानला वाईट वाटतं," मी म्हटलं.

"नानला."

"हो."

दियोराने डोळे मिटले. उस्तादांनी भुवईवरचं पीठ पुसलं. "बरं. सुरीने कापा. आतली जाळी बघू."

"सुरीने नाही. हाताने."

"मुहय्यो बाई, माझ्याकडे पाव कापायचं यंत्र आहे. दिवसाला तीनशे पाव कापतं."

"तुमचं यंत्र आहे," मी म्हटलं. "माझे हात आहेत." मला म्हणायचं होतं की यंत्राने कापायला मी शिकेन, पण ते भविष्यकाळातलं वाक्य होतं आणि घाईत मला वर्तमानकाळच सापडला. मी नान मोडली. वाफ निघाली. उस्ताद पडद्याच्या इतके जवळ आले की फक्त एक डोळा दिसू लागला. तो डोळा बराच वेळ जाळी बघत होता. मग तो माझ्या खांद्यावरून मागे गेला आणि तिथेच थांबला.

"तुमच्या मागे," ते म्हणाले. "दाराच्या वर. तो पाव कुरतडलेला दिसतो. स्वयंपाकघरात उंदीर आहेत का? हे मला विचारायलाच हवं."

दियोराचा आवाज एकदम खाली गेला. "आपा, सांगा शोभेची आहे. नाहीतर मी काढतेच." ती उठली. पण आई तिच्या आधी उठली होती. आई जाऊन दारात, खिळ्याच्या बरोबर खाली उभी राहिली. "हात लावायचा नाही," ती म्हणाली. मोठ्याने नाही.

मी पडद्याकडे वळले.

"उंदीर नाही," मी म्हटलं. "माझे वडील. ते दवाखान्यात गेले. जाताना त्यांनी ती चावली. माणूस परत येतो आणि उरलेली खातो. माझे वडील परत आले नाहीत."

दहा महिने झाले होते, आणि हे मी आमच्या भाषेत एकदाही म्हटलं नव्हतं. आमच्या भाषेत त्यासाठी पुष्कळ मऊ शब्द आहेत. ते आपल्यातून उठले, त्यांची जागा रिकामी झाली, त्यांना बोलावणं आलं. मी ते सगळे आळीपाळीने वापरले होते, दारात आलेल्या प्रत्येकाशी. या दुसऱ्या भाषेत मला एकच वाक्य येत होतं, म्हणून तेच बोलले.

उस्ताद होल्टमान यांनी डोक्यावरची टोपी काढली. जरा थांबून परत घातली. बेकरीत टोपी काढायला बंदी असते, हे मला पुढे कळलं.

"वजन करायला शिकावं लागेल," ते म्हणाले आणि आणखी काही म्हणणार होते, तेवढ्यात वीज गेली आणि तिच्याबरोबर इंटरनेटही.

पुढचे सहा आठवडे उत्तर नव्हतं. त्या काळात मोहल्ल्यात तीन मतं तयार झाली. कोसिम अकांच्या मते शेवटचं वाक्य नकार होतं. दियोराच्या मते जर्मन माणूस नकार देताना आधी आभार मानतो, त्यामुळे तो नकार नव्हता. साओदत खोलांचं मत असं, की ज्याच्या नानला वाईट वाटत नाही त्याच्याकडे जायचंच कशाला. माझं मत कोणी विचारलं नाही आणि मला ते नव्हतंही. मला नुसती झोप येत होती. नऊ महिने एखादी गोष्ट करत राहिलं की ती व्हावी असं वाटणं मध्येच कुठेतरी संपतं, आणि ती करणं तेवढं उरतं.

पण त्या शुक्रवारी, सगळे गेल्यावर, आईने चहा केला. वीज आली नव्हती. उरलेल्या नान दस्तरखानवर, जेवणाच्या चादरीवर, होत्या.

"त्याला काय सांगितलंस?" आईने विचारलं. "मी उभी होते तेव्हा."

"सांगितलं, बाबांनी चावली. ते परत आले नाहीत."

"असं सरळ?"

"मला तेवढंच येतं, आई."

तिने माझ्या पेल्यात थोडासाच चहा ओतला; मानाच्या पाहुण्याला, त्याने पुन्हा पुन्हा मागावा म्हणून, ओततात तेवढा. मग उठून तिने अंगणाच्या दाराची कडी लावली. साओदत खोलांच्या बाजूचं छोटं दारही ओढून घेतलं. ते दार बंद होऊ शकतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती परत येऊन बसली, तिने एक नान उचलली, पालथी घातली आणि बोटाच्या पेराने पाठीवर दोनदा ठोकली. मग ती सरळ केली, फडक्याने पुसली आणि "बिस्मिल्ला" म्हणाली.

"दुकानात," ती म्हणाली. "कोणी नसताना. प्रत्येक घाण्यातली एक."

"बाबा?"

"मग दुसरं कसं कळणार भाजली की नाही ते? वरून लाल झाली म्हणून आतून होते का?" ती जरा चिडली होती. माझ्यावर, की बाबांवर, ते कळलं नाही. "मला म्हणाले होते, कोणाला सांगू नकोस, लोक नान घ्यायचे नाहीत. चाळीस वर्षं सांगितलं नाही."

मी नान हातात घेतली. पालथी घातली. ठोकली. आवाज आला, आत कोणीतरी रिकाम्या खोलीत खुर्ची सरकवल्यासारखा.

"झाली आहे," आई म्हणाली. "आता सरळ कर."

मार्चमध्ये बाबांचं वर्षाचं जेवण झालं, आणि त्याच आठवड्यात करार आला. त्यात एकोणतीस कलमं होती. सतरावं कलम असं, की शिकाऊ उमेदवाराने कामाचे बूट स्वतःचे आणावेत. शेवटी हाताने एक ओळ लिहिलेली होती. तिचं भाषांतर करून घ्यायला मला दियोराकडे जावं लागलं, कारण ती तिसऱ्या पुस्तकातली होती. तिने सांगितलं, "म्हणतायत, आमच्याकडे पाव ठोकून बघावाच लागेल, पण ठोकून झाल्यावर तुम्ही तो सरळ ठेवलात तर माझी हरकत नाही."

व्हिसाचं मी सांगत नाही. ज्यांनी तो काढला आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी काढला नाही त्यांना मी थकवू इच्छित नाही.

ऑगस्टमध्ये निघायचा दिवस आला. सकाळी सात वाजता ताश्कंदची टॅक्सी दारात होती. भावाने बॅगा ठेवल्या. साओदत खोला स्वतः भाजलेली नान फडक्यात गुंडाळून आल्या आणि आईसमोर उभ्या राहिल्या. "तू देत नसशील तर मी देते. पोरगी न चावता जाणार नाही. वाटलं तर माझ्या भिंतीवर टांगेन."

"ती तिला वाटेत खायला दे," आई म्हणाली.

तिने दाराखाली स्टूल ओढलं, वर चढली आणि बाबांची नान खिळ्यावरून काढली. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसली. खाली उतरून तिने ती माझ्यासमोर धरली.

"चाव."

"आई, ही दीड वर्षाची आहे."

"त्यांची नान दोन वर्षं टिकते, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. खरं होतं की नाही ते कळेल."

"यावर बाबांचे दात आहेत."

"दुसऱ्या बाजूने चाव." मग ती नेहमीच्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली, "ते आता येत नाहीत. उरलेली अशी किती दिवस ठेवायची? कोंबड्यांना मी घालणार नाही. कोणीतरी परत येऊन संपवायला हवी."

अंगणात सगळे कोसिम अकांकडे बघू लागले, कारण रीतीभातीचं त्यांनाच विचारतात. ते बराच वेळ टोपी नीट करत होते. "रीतीत असं नाही," ते म्हणाले. आईने त्यांच्याकडे पाहिलं. "पण रीतीत असं करू नये, असंही कुठे नाही."

मी चावली. दगडासारखी होती. दोन्ही हातांनी धरून दाढेवर घेतली आणि जोर केला. काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि तोंडात एक तुकडा आला. तो नानचा होता. त्याच्याबरोबर दुसराही एक होता. तो नानचा नव्हता. मी दोन्ही गालात धरले. सगळे बघत होते. आईने नान परत खिळ्याला लावली, चेहरा बाहेरच्या बाजूला, आणि दोन्ही हात पसरून दुआ मागितली. मी तोंड बंद ठेवून 'आमीन' म्हटलं. सगळ्यांना वाटलं, मला बोलवत नाही. ते खरंही होतं.

जर्मनीत पोचल्यावर दियोराच्या मदतीशिवाय मी भरलेला पहिला अर्ज दंतवैद्याकडचा होता. विमा कार्यालयातल्या बाईने तो दोनदा वाचला.

"इथे लिहिलं आहे, दात पावामुळे तुटला. आणि तुम्ही बेकरीत शिकाऊ आहात."

"हो."

"म्हणजे कामावरचा अपघात. त्याचा अर्ज वेगळा असतो."

"कामावरचा नाही. पाव माझ्या वडिलांचा होता."

तिने तेही लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "तो पाव अजून आहे का? तपासणीसाठी लागू शकतो."

"आहे," मी म्हटलं. "घरी, खिळ्यावर. पण मी परत गेल्याशिवाय त्याला कोणी हात लावणार नाही."